रस्ता ओलांडणाऱ्याचे गणित



जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळात व्यापाराचा हमरस्ता होता. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरले आहेत. अंकचिन्हांचे जे सर्वांत जुने पुरावे भारतात आज शिल्लक आहेत, त्यांत या लेखाची गणना होते, आणि एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजींनी त्या अंकांचा अभ्यास केला. जवळच एक दगडी रांजण आहे, तो जकातीचा असे परंपरा सांगते. रस्ता आणि हिशेब यांची या तालुक्यातली सोबत अशी दोन हजार वर्षांची आहे. वाहतुकीतील सुरक्षितता, खोळंबा आणि गोंगाट यांचा अभ्यास गणिती प्रारूपांनी कसा होतो, आणि जुन्नर-आंबेगावातून जाणाऱ्या रस्त्यांसाठी तो कसा व्हायला हवा, हा आजचा विषय आहे. माझे म्हणणे आधीच मांडून ठेवतो. पुणे-नाशिक महामार्गासारख्या रस्त्याचे गणित आजवर रस्त्याच्या लांबीने जाणाऱ्याचे झाले आहे. रस्ता आडवा ओलांडणाऱ्याचे ते अजून व्हायचे आहे. ते केले की सुरक्षितता, खोळंबा आणि गोंगाट हे तीन वेगळे प्रश्न उरत नाहीत, तिन्ही एकाच कारणातून निघालेले दिसतात.

रस्त्याचे स्वरूप आपणा सर्वांना ठाऊक आहे. खेडचा घाट ओलांडला की पेठ, मंचर, कळंब, नारायणगाव अशी गावे घेत हा महामार्ग आळेफाट्याला पोचतो, आणि तिथे माळशेजमार्गे येणारा कल्याण-अहिल्यानगर महामार्ग त्याला छेदतो. पुणे आणि नाशिक या दोन औद्योगिक शहरांमधली ट्रक-कंटेनरची वाहतूक याच रस्त्याने जाते. त्याच रस्त्यावर नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन येणारे पिकअप आहेत, आळेफाट्याच्या कांदा बाजाराकडे निघालेले टेंपो आहेत, दुधाच्या गाड्या आहेत, गळीत हंगामात विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांकडे जाणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि ऊसतोड मजुरांच्या टायरगाड्या आहेत. ओझर-लेण्याद्रीचे भाविक आहेत आणि श्रावणात मंचरवरून घोडेगावमार्गे भीमाशंकरला जाणारी गर्दी आहे. या सगळ्यांत शाळेत, दवाखान्यात, पलीकडच्या शेतात जाण्यासाठी रस्ता ओलांडणारी माणसेही आहेत. गेल्या काही वर्षांत रस्ता चौपदरी झाला, मंचर-नारायणगावला बाह्यवळणे झाली, आणि गावातल्या जुन्या रस्त्यावरचा तासन्‌तासांचा खोळंबा मिटला. ही सोय खरी आहे आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. पण कोणत्या गणिताने ती झाली, हे पाहण्यासारखे आहे.

वाहतुकीचे गणित फार जुने नाही. 1935 साली अमेरिकेत ग्रीनशील्ड्स यांनी रस्त्यावरची दाटी वाढते तसा वेग सरळ रेषेत उतरतो असे मांडले. 1955 साली लाइटहिल आणि व्हिथम यांनी वाहतूक द्रवासारखी वाहते असे धरून कोंडीची लाट मागे कशी सरकते ते दाखवले. 1958 साली वेबस्टर यांनी सिग्नलवरच्या खोळंब्याचे सूत्र दिले. 1964 सालच्या अमेरिकन ब्युरो ऑफ पब्लिक रोड्सच्या सूत्राप्रमाणे वाहतूक रस्त्याच्या क्षमतेइतकी झाली की प्रवासाचा वेळ 15 टक्क्यांनी वाढतो, आणि क्षमतेच्या दीडपट झाली की सुमारे 76 टक्क्यांनी. या पद्धतीच्या हिशेबांवर जगभर रस्ते रुंद झाले. आपल्याकडे क्षमता मोजायला इंडियन रोड्स काँग्रेसचे कोष्टक वापरतात. 1990 सालच्या त्या कोष्टकात मोटार म्हणजे 1 एकक, मोटारसायकल 0.5, ट्रक किंवा बस 3, ट्रॉलीसह ट्रॅक्टर 4.5 आणि बैलगाडी 8. सपाट प्रदेशातला दुपदरी रस्ता दिवसाला 15,000 एकके पेलतो असे मानतात. बैलगाडीला 8 एकके देणारे हे कोष्टक परदेशी सूत्राची नक्कल नाही, भारतीय अभियंत्यांनी आपल्या रस्त्याकडे पाहून ते केले आहे, आणि त्याबद्दल मला आदर आहे. तरीही त्यात पायी चालणाऱ्यासाठी ओळ नाही. प्रत्येक वाहन मागच्याला किती अडवते, एवढेच हे कोष्टक मोजते. रस्त्याने कोणाला अडवले हे मोजायला त्यात जागा नाही.

ते मोजण्याचे साधन मात्र 1936 पासून उपलब्ध आहे. इंग्लंडमधल्या ॲडम्स यांनी त्या वर्षी वाहने रस्त्यावर यदृच्छया येतात असे धरून, ओलांडणाऱ्याला सुरक्षित फट मिळेपर्यंत सरासरी किती थांबावे लागेल याचे सूत्र दिले. ते आपल्या महामार्गाला लावून पाहू. दुभाजकाच्या एका बाजूचा डांबरी पट्टा साधारण 9 मीटरचा आहे. म्हातारे माणूस किंवा डोक्यावर ओझे असलेली बाई तो 10 सेकंदांत ओलांडते असे धरू. त्या बाजूने तासाला 900 वाहने जात असतील, तर 10 सेकंदांच्या फटीसाठी सरासरी 35 सेकंद थांबावे लागते. हे सहन होण्यासारखे आहे. आता वाहने दुप्पट, म्हणजे तासाला 1,800 करा. थांबण्याचा वेळ दुप्पट होत नाही. तो सुमारे 285 सेकंद होतो, म्हणजे आठपट, पावणेपाच मिनिटे, आणि दुभाजकावर पोचल्यावर दुसऱ्या बाजूसाठी पुन्हा तितकेच. पहिल्या स्थितीत बारा-तेरा फटींपैकी एक पुरेशी असते, दुसऱ्या स्थितीत दीडशेत एक. याच काळात चौपदरी रस्त्यावरच्या वाहनचालकाला फारसा खोळंबा जाणवलेला नसतो, कारण रस्ता अजून क्षमतेच्या आत आहे. एकाच रस्त्यावर, एकाच तासाला, लांबीने जाणाऱ्याचे गणित समाधानकारक निघते आणि आडवे जाणाऱ्याचे असह्य. प्रकल्पाच्या अहवालात पहिल्याचेच उत्तर छापले जाते.

पावणेपाच मिनिटे कोणी थांबत नाही, हे उघड आहे. माणूस 10 सेकंदांऐवजी 7 सेकंदांच्या फटीत उतरतो, मग 5 सेकंदांच्या. इथे खोळंब्याचे रूपांतर धोक्यात होते. 80 किलोमीटर वेगाच्या वाहनाला थांबायला 120 मीटर अंतर लागते असे रोड्स काँग्रेसचे मानक सांगते, 60 च्या वेगाला 80 मीटर. 80 च्या वेगाने वाहन 5 सेकंदांत 111 मीटर पुढे येते, म्हणजे पाच सेकंदांच्या फटीत उतरलेल्या माणसाला पाहून चालकाने ब्रेक दाबला तरी ते वेळेत थांबत नाही. दुचाकीस्वाराचा हिशेबही असाच. दुभाजकातला कट दोन किलोमीटर पुढे असेल आणि शेताची वाट उलट दिशेला दोनशे मीटरवर, तर राँग साइडने जाणारा निघणारच. त्याला बेशिस्त म्हणून दंड करता येतो, पण दंड केल्याने ते दोन किलोमीटर कमी होत नाहीत. कट कुठे असावा हे ठरवताना त्या माणसाचा फेरा हिशेबात धरला असता, तर राँग साइडची वाहने कागदावर आधीच दिसली असती. बाह्यवळणांचेही तसेच. गावातला खोळंबा आणि गोंगाट त्यांनी कमी केला, हे निर्विवाद. पण गावाचे शिवाररस्ते जिथे बाह्यवळणाला मिळतात, तिथे वेग जास्त आणि फटी कमी अशी नवी ठिकाणे तयार होतात, आणि ॲडम्सचे सूत्र तिथे अधिक कठोरपणे लागू पडते.

उसाच्या ट्रॉलीचे गणित याहून वेगळे आहे आणि ते आपल्या भागाचे खास आहे. वाहने ताशी 75 किलोमीटर वेगाने जात आहेत, तासाला 600 या प्रमाणात, आणि त्यांच्याच दिशेने ट्रॅक्टर 15 च्या वेगाने चालला आहे असे धरा. तासाभरात 480 वाहने त्या ट्रॅक्टरला मागून गाठतात. 15 किलोमीटरच्या एका फेरीत 480 चालकांनी त्याला वेळेत पाहायचे, वेग आवरायचा किंवा बाजूने काढायचे. एका रात्रीत अशा 200 फेऱ्या धरल्या तर गाठी पडतात 96,000. दहा लाख गाठींत एकदाच चालकाला ट्रॉली वेळेत दिसली नाही असे मानले, तरी दर दहा-अकरा रात्रींत एक टक्कर होईल. हे माझे गृहीत आकडे आहेत, मोजलेले नाहीत. पण त्यांचा आकार काय सांगतो ते पाहा. माणसाची सावधगिरी दहा लाखांत एका चुकीइतकी निर्दोष असली तरी ती पुरत नाही. म्हणून उपाय त्या गुणाकाराच्या इतर घटकांत शोधावा लागतो. ट्रॉलीच्या मागे धुळीने न माखलेला रिफ्लेक्टर आणि चालू दिवा असेल तर न दिसण्याची शक्यता उतरते. ट्रॅक्टरसाठी कडेचा वेगळा पट्टा किंवा सेवारस्ता सलग असेल तर गाठींची संख्याच उतरते. मुख्य वाहतुकीचा वेग 75 वरून 55 वर आला तर गाठी 480 वरून सुमारे 436 होतात, म्हणजे थोड्याच कमी, पण धडकेची तीव्रता पुष्कळ कमी होते. तिन्हींपैकी कशावर आधी खर्च करावा, हे असा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. 17 जानेवारी 2025 रोजी नारायणगावजवळ याच महामार्गावर एका प्रवासी गाडीला मागून टेंपोची धडक बसली आणि ती उभ्या एसटी बसवर आदळली. 9 माणसे गेली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. अभ्यासकाने पाहायचे ते हे, की एकाच रस्त्यावर वेगाने चाललेली वाहने आणि पूर्ण थांबलेले वाहन एकत्र आले होते. वेगांतला हा फरकच ट्रॉलीच्या गणितात आहे आणि ओलांडणाऱ्या माणसाच्या गणितातही आहे.

गोंगाटाकडे येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्याभोवती 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40 आहे. रस्त्याच्या आवाजाची परदेशी प्रारूपे वाहनांची संख्या, वेग, जड वाहनांचे प्रमाण आणि अंतर यांवरून आवाज काढतात. त्यांच्या हिशेबाने वाहतूक दुप्पट झाली तर आवाज फक्त 3 डेसिबल वाढतो. आपल्याकडे ही प्रारूपे अपुरी पडतात, कारण त्यांत हॉर्न नाही. घराच्या भिंतीशी 100 डेसिबलने पोचणारा प्रेशर हॉर्न तासात फक्त एक सेकंद वाजला, तरी त्या एका सेकंदाने त्या तासाची ऊर्जा-सरासरी 64 डेसिबलच्या वर जाते. रात्रीच्या मर्यादेपेक्षा 19 डेसिबल अधिक, आणि बाकी सगळे वाहन-आवाज शून्य धरून! पण मला हॉर्नचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. चालक हॉर्न कुठे वाजवतो? पुढे ट्रॉली आहे तिथे, दुभाजकातून कोणी डोकावते तिथे, फाट्यावर कोणी वळते तिथे. प्रत्येक वेळी तसे नसते हे मान्य, सवयीने वाजणारे हॉर्न पुष्कळ. तरी कोणत्या शंभर मीटरमध्ये हॉर्न सर्वाधिक वाजतात याचा नकाशा केला, तर फटी कुठे अपुऱ्या आहेत आणि वेगांतला फरक कुठे मोठा आहे त्याचाच तो बराचसा नकाशा होईल. स्वीडनमधल्या लुंड येथील अभ्यासकांनी थोडक्यात टळलेल्या टकरी मोजून धोक्याची जागा ओळखण्याची पद्धत बसवली आहे. आपल्या रस्त्यावर अशा टळलेल्या टकरींचा आवाज येतो. तो नोंदवायला एक साधे यंत्र आणि कोणीतरी संयमी माणूस पुरे.

याच तालुक्यात गोंगाटाच्या मोजमापाचा केवढा प्रभाव पडू शकतो, याचे उदाहरण आहे. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची ही दुर्बीण प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली बांधली गेली, आणि रेडिओलहरींचा उपद्रव इथे कमी आहे हे जागा निवडण्याचे एक मोठे कारण होते. नारायणगाववरून जाणाऱ्या नियोजित पुणे-नाशिक रेल्वेमुळे दुर्बिणीच्या निरीक्षणांत व्यत्यय येईल, हा मुद्दा पुढे आल्यावर त्या रेल्वेच्या मार्गाचाच फेरविचार करावा लागला. रेल्वे हवी की नको, कुठून हवी, यावर या भागात तीव्र मते आहेत आणि ती असणे योग्य आहे. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे, की ज्यांना आपला उपद्रव आकड्यांत मांडता आला त्यांचे म्हणणे शासनाला ऐकावे लागले. महामार्गाकडेच्या शाळेचा आणि प्रसूतिगृहाचा उपद्रव तितक्याच काटेकोरपणे मोजता येतो, आणि त्यासाठी लागणारे गणित दुर्बिणीच्या गणितापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की लेनची शिस्त नसलेल्या, बैलगाडीपासून कंटेनरपर्यंत सगळे एकत्र चालणाऱ्या आपल्या वाहतुकीला सूत्रे लागूच पडत नाहीत. यात तथ्य आहे. ॲडम्सने वाहने एकमेकांपासून स्वतंत्र येतात असे धरले. आपल्याकडे ट्रॉलीमागे दहा वाहनांचा गठ्ठा साचतो, त्यामुळे काही फटी मोठ्या मिळतात आणि गठ्ठा येतो तेव्हा मुळीच मिळत नाहीत. पण सूत्र चुकते म्हणजे नेमके काय होते? आपण जे गृहीत धरले ते आणि प्रत्यक्ष यांतला फरक दिसतो, आणि तो फरक मोजता येतो. 2017 साली केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने भारतीय रस्त्यांसाठी क्षमतेची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली ती अशाच मोजणीतून. दिल्ली आयआयटीत दिनेश मोहन आणि गीतम तिवारी यांनी मिश्र वाहतुकीचा अभ्यास अनेक वर्षे केला. चालणारा आणि सायकलवाला हे अडथळे आहेत अशी भाषा त्यांनी सोडली आणि त्यांना वाहतुकीचे घटक मानले. वाहतूक गुंतागुंतीची आहे, म्हणून अंदाजाने निर्णय घ्यावेत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप गावातून येतो आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो: धोक्याची जागा आम्हाला ठाऊक आहे, तुमचे गणित कशाला? खरोखरच ठाऊक असते. अडचण त्या ज्ञानाला सरकारी मान्यता मिळण्याची आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, किंवा 10 मृत्यू झाले, की तो अपघातप्रवण ठरतो. म्हणजे आधी माणसे जावी लागतात. शिवाय लहान आकडे फसवतात. एखाद्या फाट्यावर वर्षाला सरासरी 2 अपघात होत असतील, तर निव्वळ योगायोगाने सात वर्षांत एकदा शून्य येईल, आणि जवळजवळ तितक्याच वेळा 4 किंवा अधिक. चार अपघात झाल्यावर फलक लागतो, रम्बलर बसतो, पुढच्या वर्षी एकच अपघात होतो आणि फलकाला श्रेय मिळते. काही न करताही तो आकडा बहुधा उतरला असता. कॅनडातील अभ्यासक एझ्रा हाउअर यांनी यावर उपाय दिला: त्या जागेचा स्वतःचा आकडा आणि तशाच इतर जागांवरून प्रारूपाने काढलेली अपेक्षा, यांचा भारित मेळ घालायचा. गावाला माहीत असलेली जागा पहिल्या मृत्यूच्या आधीच यादीत घालण्याचा मार्ग यातूनच जातो, कारण अपेक्षेचा आकडा वाहतूक, वेग, फटी आणि ओलांडणारी माणसे यांवरून काढता येतो, त्यासाठी अपघाताची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, म्हणून सर्वांत गंभीर. टोमॅटो नाशवंत, बाजार पहाटेचा, वेग कमी केला तर नुकसान आमचे. म्हणून हिशेबच करू. गावाजवळचा 3 किलोमीटरचा टप्पा 80 ऐवजी 60 च्या वेगाने गेला तर 45 सेकंद अधिक लागतात. असे पाच टप्पे धरले तर पावणेचार मिनिटे. दुसऱ्या बाजूला, स्वीडनच्या गोरान निल्सन यांनी वेगमर्यादेतल्या बदलांवरून दाखवले, की प्राणघातक अपघात सरासरी वेगाच्या चौथ्या घाताने बदलतात. 80 चे 60 झाले तर ते एक तृतीयांशाच्या आत येतात. नंतरच्या संशोधनात वस्तीतल्या रस्त्यांसाठी हा घातांक कमी निघाला. तो अडीच धरला तरी उत्तर निम्म्याच्या खालीच राहते. 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली एक तृतीयांशाहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर. पावणेचार मिनिटांना किंमत आहे, पण ती किंमत पिकअपच्या मालकाने कोणाच्या जिवावर वाचवायची हा प्रश्न नाकारता येणार नाही. आणि हे विसरू नये की त्याच शेतकऱ्याची मुलगी, त्याची आई तोच रस्ता ओलांडते. पावणेपाच मिनिटे थांबण्याची पाळी येते ती त्यांच्यावर.

किती सेकंदांच्या बदल्यात किती धोका स्वीकारायचा, हे गणित ठरवू शकत नाही, आणि ठरवते असा दावा कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण आज हा सौदा केला जातोच, फक्त तो कोणत्याही कागदावर लिहिलेला नसतो. प्रारूपाचा मोठा उपयोग इथे आहे: प्रत्येक गृहीत लिहून द्यावे लागते. ओलांडणाऱ्यांची संख्या शून्य धरली असेल तर ते शून्य दिसते आणि ग्रामसभेत कोणीही उठून विचारू शकते.

त्यासाठी बाहेरून कोणी येण्याची गरज नाही. अवसरीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जुन्नर तालुक्यात इतर महाविद्यालये आहेत. अपघातांची विदा एकत्र करणारी केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता, त्यामुळे पोलिसांकडच्या नोंदी आता ठिकाणासह मिळण्याची व्यवस्था आहे. मोजणी कधी करावी, हे मात्र इथल्या लोकांनीच सांगायला हवे, कारण वर्षाची सरासरी आपल्या रस्त्याबद्दल फारच थोडे सांगते. गळीत हंगामाची एक रात्र, टोमॅटोच्या भर हंगामातली एक पहाट, श्रावणातला एक सोमवार आणि शाळा सुटण्याची वेळ, एवढ्या चार वेळा प्रत्येक फाट्यावर फटी, वेग, हॉर्न आणि ओलांडणारी माणसे मोजली तर एका पानाचा तक्ता होतो. तो ग्रामसभेच्या ठरावाला जोडून महामार्ग प्राधिकरणाकडे पाठवता येतो, आणि त्यात पहिली ओळ पायी चालणाऱ्यांची ठेवावी, अशी माझी सूचना आहे.